पहिली हजार पावलं

“आई, तू नेहमीसारखीच पळतेयस,” मुलगा मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला. “म्हणजे फार भारी नाही. पण नेहमीसारखीच.”

मी भिंतीला टेकून धापा टाकत होते. पंचेचाळीस मिनिटं ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल मारून, उतरून, बूट बदलून दहा मिनिटं पळून आले होते. पळताना मला कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं, की हे पाय माझे नाहीत. मांड्या कुणीतरी लाकडाच्या करून बसवल्यात, गुडघे उसने आणलेत आणि पाऊल जमिनीला टेकलं की नाही हे खाली बघितल्याशिवाय कळत नाही. मुलाने मोबाइलवर घेतलेल्या चित्रणात मात्र तीच बाई. तोच जरा जास्त बाहेर जाणारा कोपर, तीच पुढे काढलेली हनुवटी, तेच पाय.

पोटापाण्यासाठी मी हिशेब तपासते. दोन रकाने जुळले नाहीत की मला झोप लागत नाही, आणि इथे तर आत जे वाटतं आणि बाहेर जे दिसतं त्यांचा मेळच बसत नव्हता. गेले पाच-सहा महिने मी या एका गोष्टीच्या मागे लागले आहे, आणि घरचे माझ्या बोलण्याला कंटाळलेत. म्हणून इथे लिहितेय.

सुरुवात सहा वर्षांपूर्वीची. माझी पहिली ट्रायथलॉन. स्प्रिंट अंतराची, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं. पोहण्याची मला धास्ती होती, सायकलची सवय होती, आणि पळणं तर काय, दहा वर्षं पळतच होते. पाण्यातून सुखरूप बाहेर आले, सायकल झकास झाली. उतरण्याच्या रेषेअलीकडे उतरले, सायकल हाताने ढकलत रॅकपर्यंत आणली. सायकल रॅकला लागेपर्यंत हेल्मेटचा पट्टा उघडायचा नाही असा नियम आहे, तो पाळला. मग वाकून बूट चढवले, उभी राहिले, आणि दुसऱ्याच पावलाला दोन्ही गुडघे दुमडून बसकण मारली. घसरले नाही, ठेच लागली नाही. पायांनी नुसताच राजीनामा दिला.

एक स्वयंसेवक धावत आला. विशीतला असेल. म्हणाला, “काकू, लागलं का?”

गुडघ्याला नव्हतं लागलं. ‘काकू’ लागलं. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते.

तो पहिला किलोमीटर मी ज्या तऱ्हेने पळाले, त्याला पळणं म्हणायचं तर भाषेवर अन्याय होईल. मग दुसऱ्या किलोमीटरच्या आसपास कधीतरी, काही न करता, पाय परत आले. जसे गेले तसेच आले, कुणाला न सांगता.

हा अनुभव ट्रायथलॉन करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनाच येतो. सायकल आणि पळणं लागोपाठ करण्याच्या सरावाला आम्ही ‘ब्रिक’ म्हणतो. ब्रिक म्हणजे वीट. नाव असं का पडलं याच्या पाच कहाण्या पाच लोक सांगतात. मराठीत मात्र ते नाव असं चपखल बसलंय की आणखी कहाणीची गरजच नाही. सलग तीन रविवार करून बघा, वीट येतोच.

आता होतं काय ते बघू. सायकलवर पायाला स्वतःचं असं काही ठरवायचंच नसतं. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिलिमीटरचा असेल तर पाऊल ३४ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात फिरणार. ना वर, ना खाली, ना बाजूला. मोठ्या शर्यतीतल्या चाळीस किलोमीटरला सव्वा तास धरला आणि मिनिटाला पंच्याऐंशी फेऱ्या, तर तेच वर्तुळ सहा हजारांहून जास्त वेळा. शरीराचं बरंचसं ओझं खोगिरावर आणि हातांवर असतं, त्यामुळे पाय फक्त ढकलतात. मांडीचे स्नायू आकुंचन पावत जोर लावतात आणि सोडून देतात. आपटणं नाही, झेलणं नाही.

पळण्यात नेमकं झेलणंच मुख्य. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट जोर जमिनीकडून उलटा येतो, आणि तोही पाव सेकंदाच्या आसपास, एका पायावर. त्या क्षणी मांडीचा स्नायू जोर लावत असतानाच ताणलाही जात असतो, गुडघा फार वाकू नये म्हणून. पोटरी आणि टाचेमागची जाड कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि लगेच ती ताकद परत देते. सव्वा तास नुसतं ढकलण्याचं काम केलेल्या पायांना अचानक झेलायला आणि उसळायला लावायचं, म्हणजे वर्षभर जमेच्या नोंदी करणाऱ्या माणसाला एका सकाळी ताळेबंद मांडायला सांगण्यासारखं आहे. येत असतं त्याला, पण हात लगेच वळत नाही.

त्यात खुब्याची भर. सायकलवर खुबा पूर्ण उघडतच नाही. पेडल अगदी तळाला गेलं तरी मांडी आणि धड यांच्यात कोन राहतोच, आणि एरोबारवर, म्हणजे हँडलच्या पुढे काढलेल्या दांड्यांवर कोपरं टेकून, वाकून बसलं तर तो आणखी लहान. पळताना मात्र मागचा पाय धडाच्याही मागे जायला हवा. म्हणून पहिल्या काही मिनिटांत लोक खुर्ची पाठीला चिकटवून पळाल्यासारखे दिसतात. कमरेत वाकलेले, ढांग मागे न जाणारी. ट्रायथलॉनच्या सायकलींची सीटखालची नळी साध्या रोडबाइकपेक्षा उभी असते, त्यामागे वाऱ्याइतकंच हेही कारण आहे. २००० साली गार्साइड आणि डोरन यांनी ७३ अंश आणि ८१ अंश अशा दोन कोनांवर लोकांना सायकल चालवायला लावून नंतर १० किलोमीटर पळवलं. उभ्या नळीवर बसलेले नंतर जास्त वेगाने पळाले. माझी सायकल मात्र साधी रोडबाइक आहे आणि दुसरी घ्यायचा विचार घरात बोलून दाखवायची ही वेळ नव्हे.

इथवर सगळं ठीक. पण मग चित्रणात काहीच का दिसत नाही?

मी मुलाला कामाला लावलं. खुब्याचं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा आणि करंगळीच्या मुळाशी बूट, अशा चार ठिकाणी पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले. तो पायरीवर ठरलेल्या जागी बसायचा, मोबाइल एका डब्याला टेकवलेला, स्लो मोशन चालू. आधी ताज्या पायांनी दहा मिनिटं पळायचं. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं सायकल मारून मग दहा मिनिटं. समोरून जाताना दर वेळी चित्रण. असं चार आठवडे. वहीत रकाने पाडले होते: तारीख, सायकलवरचा केडन्स (मिनिटाला पेडलच्या किती फेऱ्या), पहिल्या मिनिटातली पावलं, पाचव्या मिनिटातली, दहाव्यातली, आणि शेवटचा रकाना ‘पाय आले’. म्हणजे कितव्या पावलाला पाय आपले वाटायला लागले तो आकडा. मनात पावलं मोजायची आणि शंभर झाली की एक बोट दुमडायचं. सुरुवातीला हा आकडा नऊशे ते अकराशेच्या मधे असायचा. माझ्या वेगाने एक किलोमीटर म्हणजे साधारण हजार पावलं.

चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघितली. गुडघा तेवढाच वाकतोय. खुबा पहिल्या मिनिटात किंचित कमी उघडतोय, पण पट्टी घेऊन बसलं तरच कळावं इतकंच. आणि मला आतून वाटणारा गोंधळ तर शंभर पट मोठा.

मग वाचायला घेतलं, आणि इथे मला खरा धक्का बसला. माझ्या पायरीवरच्या प्रयोगासारखाच, पण नीट केलेला प्रयोग २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू चॅपमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवरचे चौदा ट्रायथलीट. एकदा ताज्या पायांनी पळवलं, एकदा वीस मिनिटं मध्यम जोराने सायकल चालवायला लावून मग पळवलं. पायांच्या हालचाली त्रिमितीत टिपल्या, आणि त्याबरोबरच नडगीच्या पुढच्या बाजूच्या स्नायूवर विद्युतपट्ट्या लावून तो कधी आणि किती चालू होतो हेही टिपलं. बहुतेकांच्या पायांची हालचाल दोन्ही वेळा सारखीच निघाली. पण चौदापैकी पाच जणांच्या नडगीच्या स्नायूचं कामाचं वेळापत्रक सायकलीनंतर बदललेलं होतं. आणि बदलून कसं झालं होतं, तर सायकल चालवताना तो स्नायू ज्या पद्धतीने काम करतो त्याच्या जवळ गेलं होतं. म्हणजे पाय पळत होते आणि तो स्नायू अजून सायकलच चालवत होता! हालचाल बदलली म्हणून हे झालं असंही नाही, आणि थकव्याचा तर संबंधच लागला नाही.

थकवा नाही, हे वाक्य मी दोनदा वाचलं. कारण इतकी वर्षं मी ‘पाय थकले’ असंच म्हणत आले होते. ट्रायथलॉन करणारे सगळेच म्हणतात. पण थकलेला पाय दुसऱ्या किलोमीटरला ताजा कसा होईल? थकवा वाढत जायला हवा, हा तर कमी होत जातो.

नडगीचा तो स्नायू तसा दुर्लक्षित. पोटरीला लोक तेल लावतात, मांड्यांचं कौतुक करतात, नडगीकडे कुणी बघत नाही. पळताना त्याची कामं दोन: पाऊल हवेत पुढे येताना चवडा उचलून धरायचा, म्हणजे बोटं जमिनीला घासत नाहीत, आणि टाच टेकल्यावर चवडा दाणकन न आपटता हळूच खाली ठेवायचा. सायकलवर चवडा पेडलला बांधलेला, तिथे हे दुसरं काम नाहीच. ज्यांचा पाय चवड्यावर पडतो त्यांचं निराळं, पण माझ्यासारख्या टाचेवर पडणाऱ्यांना हा स्नायू एक क्षण जरी उशिरा जागा झाला तरी पाऊल ‘थप्’ वाजतं. मी ऐकायला लागले. खरंच वाजत होतं. ताज्या पायांनी पळताना बुटांचा आवाज मऊ, सायकलनंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत थप् थप् थप्, मग हळूहळू परत मऊ. डोळ्यांना जे चित्रात सापडलं नाही ते कानाला सापडलं. आता मी इअरफोन न लावता पळते.

यानंतर मला वाटलं, हिशेब लागला. तर तसं नाही. २०१० साली मध्यम तयारीच्या ट्रायथलीटांवरचा एक अभ्यास आला, जेसन बोनाची आणि सहकाऱ्यांचा, आणि त्यात बरोबर उलटं: सायकलनंतर पळताना हालचाल बदलली, पण स्नायूंचं काम बदललं नाही. कसलेल्यांत एक, बेताच्यांत दुसरं. मी कसलेल्यांत मोडत नाही हे उघड आहे, तरी माझं मन पहिल्याच अभ्यासाकडे ओढ घेतं, कारण तो मला जे वाटतं त्याच्याशी जुळतो. हिशेबनीस म्हणून ही सवय वाईट, हे कळतं. परत चित्रं काढून बसले तेव्हा पाऊल टेकतानाचा घोट्याचा कोन सायकलनंतर थोडा सपाट आहे असं एका-दोन चित्रांत वाटलं. किंवा मला तसं बघायचं होतं.

एक गोष्ट मात्र मला फार जवळची निघाली. चॅपमन यांच्याच गटाने पुढे असं दाखवलं, की ज्या ट्रायथलीटांना व्यायामाने पाय दुखण्याचा त्रास झालेला असतो, त्यांच्यात हा स्नायूंच्या वेळापत्रकातला बदल जास्त आढळतो. दोन वर्षांपूर्वी माझी डावी नडगी चार महिने दुखत होती. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की हाडाच्या आतल्या कडेने कळ. तेव्हा मी बुटांना दोष दिला, रस्त्याला दोष दिला, वयाला दिला. सायकलनंतरच्या पहिल्या हजार पावलांना दिला नाही. दुखण्यामुळे वेळापत्रक बदलतं की वेळापत्रकामुळे दुखतं, ते अशा तपासणीतून कळत नाही, म्हणून मी कुणावर ठपका ठेवत नाही. पण संशयितांच्या यादीत नाव घातलंय.

आता थोडं आडवाटेने जाते, कारण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. चालणं, पळणं, पेडल मारणं, या सगळ्या एकाआड एक पाय हलवण्याच्या हालचाली दर वेळी मेंदूने एकेक हुकूम सोडून होत नाहीत. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत अशी जाळी आहेत जी एकदा सुरू केली की लय स्वतःच चालू ठेवतात. हे १९११ साली टॉमस ग्रॅहम ब्राऊन या शास्त्रज्ञाने मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनाही तोडल्या, तरी घोट्याच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंत आळीपाळीने आकुंचनाची लय दिसली. त्यातला पुढचा स्नायू म्हणजे आपला हाच, नडगीचा! आणि हे गृहस्थ नुसते प्रयोगशाळेत बसणारे नव्हते. पुढे माँ ब्लाँच्या अवघड अंगाने नव्या वाटा काढणारे नामांकित गिर्यारोहक म्हणूनही त्यांचं नाव झालं. ज्याने पायांची लय शोधली त्याने स्वतःचे पायही भरपूर वापरले, याचं मला उगाचच समाधान वाटतं.

तर लय. सव्वा तास एका लयीत फिरलेले पाय उतरल्यावर तीच लय धरून ठेवतात, हे मोजलं गेलंय. २००२ साली जिंजर गॉट्सचॉल आणि ब्रॅडली पामर यांनी तेरा ट्रायथलीटांना अर्धा तास सायकल चालवायला लावली: एकदा आपल्या सवयीच्या केडन्सने, एकदा त्याहून वीस टक्के जलद, एकदा वीस टक्के संथ. मग ३२०० मीटर पळायला लावलं. जलद पेडल मारून आलेले पळतानाही जलद पावलं टाकत होते. ढांगेची लांबी तेवढीच, म्हणून वेगही जास्त.

मी माझ्या वहीत बघितलं. ताज्या पायांनी मी मिनिटाला १६६ च्या आसपास पावलं टाकते. ट्रेनरवर ९५ च्या केडन्सने संपवलं की पहिल्या मिनिटात १७६. जड गिअरवर ७० ने संपवलं की १६०. सातव्या-आठव्या मिनिटाला सगळं परत १६६ ला येऊन मिळतं. ९५ फेऱ्या म्हणजे दोन्ही पायांचे मिळून १९० ठोके होतात, तेवढं माझं जात नाही, पण पाय त्या दिशेला ओढले जातात हे नक्की. माझी ढांग मात्र त्या वेळी आखूड होते, त्यामुळे १७६ चा फायदा सगळा हातात पडत नाही. एका बाईचे चार आठवडे. याला कुणी शास्त्र म्हणू नये.

मग आमच्या कोचना विचारलं, की शेवटची दहा मिनिटं हलक्या गिअरवर भराभरा पेडल मारू का? ते म्हणाले, “मॅडम, मारा की. पण दम राखून.” मला तेव्हा ते उत्तर गुळमुळीत वाटलं. नंतर २००५ चा एक फ्रेंच-ऑस्ट्रेलियन अभ्यास वाचला, त्यात शेवटच्या दहा मिनिटांत केडन्स कमी केलेले ट्रायथलीट नंतर पळताना जास्त वेळ तग धरून राहिले. म्हणजे जलद पेडल मारलं तर पळण्याची सुरुवात चपळ, संथ मारलं तर शिल्लक जास्त. कोचचं एका ओळीचं उत्तर दोन्ही अभ्यासांना पुरून उरलं. मी पाच किलोमीटरच्या शर्यतीत भराभरा मारते. दहाच्या शर्यतीत शेवटची दोनच मिनिटं, तीही पाय सैल करण्यापुरती.

आणखी एक फसवणूक आहे, ती पायांची नाही, डोळ्यांची. सायकलवर तासाला तीस किलोमीटरने रस्ता मागे जात असतो. उतरून पळायला लागलं की तोच रस्ता एकदम थबकतो. वाटतं, आपण रांगतोय. मग माणूस जोर लावतो. घड्याळात बघितलं तर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे वीस सेकंद जलद, आणि त्याचं व्याज शेवटच्या दोन किलोमीटरना भरावं लागतं. माझ्या वहीत अशा तीन शर्यती आहेत. तिन्हींत पहिला किलोमीटर सगळ्यात जलद आणि सगळ्यात वाईट वाटलेला. पाय नसल्यासारखे वाटत असताना आपण जलद पळत असतो, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मोठ्या लोकांचं बघा. लंडन ऑलिंपिक, २०१२. ॲलिस्टर ब्राउनली १५०० मीटर पोहून, ४३ किलोमीटर सायकल मारून उतरला आणि १० किलोमीटर २९ मिनिटं ७ सेकंदांत पळाला. पुढच्या वर्षी त्याने ट्रॅकवर, ताज्या पायांनी, १० हजार मीटर पळून बघितलं: २८ मिनिटं ३२ सेकंद. फरक पस्तीस सेकंदांचा. शर्यतीचा रस्ता आणि ट्रॅक यांची तुलना काटेकोर नाही हे मान्य, पण पोहणं आणि सायकल यांची किंमत जर इतकीच असेल तर त्या माणसाचे पाय सायकलवरून उतरताना कुठे जातच नसावेत. त्याच ऑलिंपिकमध्ये बायकांच्या शर्यतीत निकोला स्पिरिग आणि लिसा नॉर्डेन दोघींची वेळ सारखीच लागली, १ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद, आणि सुवर्ण कुणाचं ते फोटो बघून ठरवावं लागलं. तिथे पहिल्या हजार पावलांत कुणाची पाच पावलं जरी वाकडी पडली असती तरी पदकाचा रंग बदलला असता.

आमच्या पातळीवर पदकाचा प्रश्न नाही. तरी मी काय करायला लागले ते सांगते, कारण दोघीजणींनी मला विचारलं होतं.

लांब ब्रिक बंद केले. पूर्वी महिन्यातून एकदा दोन तास सायकल आणि तासभर पळणं असा कार्यक्रम असायचा, त्याने दमायला व्हायचं पण बदलाचा सराव एकदाच व्हायचा. आता आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं सायकल आणि सात मिनिटं पळणं, असं तीनदा लागोपाठ. म्हणजे एका सकाळी तीन वेळा उतरायचं. बूट तीनदा बदलायचे. लेस बांधण्यात वेळ जातो म्हणून रबरी लेस बसवल्या. उतरण्याआधीच्या शेवटच्या मिनिटात दोनदा खोगिरावरून उठून कंबर पुढे ढकलते, म्हणजे खुबा उघडतो, आणि पेडल तळाला असताना टाच खाली दाबून पोटरी ताणते. पळायला लागल्यावर ढांग लांब टाकायचा मोह आवरून आखूड, भराभर पावलं. पहिली पाचशे घड्याळाकडे न बघता, फक्त बुटांचा आवाज ऐकत. थप् वाजला की चवडा जरा जाणीवपूर्वक उचलायचा. हे शेवटचं माझ्या मनचं आहे, याला कुठल्याही अभ्यासाचा आधार नाही, आणि ते करायला लागल्यापासून एकदा मी चालत्या पायाने दगड लाथाडलाय हेही नमूद करते.

‘पाय आले’ हा रकाना खाली खाली येतोय. नऊशे, आठशे चाळीस, सातशे दहा, सहाशे. मागच्या महिन्यात एकदा चारशे वीस. मुलगा म्हणतो, आई, तो आकडा तूच ठरवतेस, त्यामुळे तो कमी होणारच. तो आता अकरावीत आहे आणि असं बोलणं त्याला येतं.

पण एक विचित्र गोष्ट वहीत सारखी येत होती, आणि मी ती समासात नुसती खूण करून सोडून देत होते. दोन्ही पाय एकदम येत नाहीत. उजवा आधी येतो. शे-दीडशे पावलांनी डावा. पहिल्यांदा मला तो मनाचा खेळ वाटला. मग आवाज लक्ष देऊन ऐकला तर थप् हा एकाआड एक पावलालाच वाजत होता. थप्, मऊ, थप्, मऊ. डावा, उजवा, डावा, उजवा. जी नडगी चार महिने दुखली तीच.

लगेच सगळी चित्रं परत काढली, डाव्या पायासाठी. दोन तास बसले. मुलगा पायरीवर कायम एकाच जागी बसायचा. मी समोरून नेहमी एकाच दिशेने जायचे, परत येताना तो चित्रण बंद करायचा, बॅटरी वाचवायला. चिकटपट्टीचे चारही तुकडे मी दर वेळी फक्त उजव्या पायाला लावलेले. चार आठवडे, तीस-पस्तीस चित्रं, आणि सगळीच्या सगळी उजव्या बाजूने.

रविवारी मोबाइल पलीकडच्या भिंतीवर ठेवणार आहोत.